खांबामागची जागा

बाय, मंगळवारी मी बाजारात गेले. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, बरं झालं. सांगण्यासारखं खूप होतं, पण माझं बोलणं ओठापर्यंत येऊन तिथंच बसतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? ते ओढून बाहेर काढायचं काम तुझं, माझ्या थोरल्या जावेचं, होतं. "बोल गो हिरे, तोंडात काय मीठ धरलंस?" असं तू म्हणायचीस. मग मला हसू यायचं आणि हसता हसता चार शब्द निघायचे. आता तसं म्हणणारं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे. चौथीत असताना बाईंनी माझ्या अक्षराला शाबासकी दिली होती. त्यानंतर सही आणि किराणा सोडून काही लिहिलं नाही. वलांडीच्या बांबूवर बोंबील टांगलेत, कावळे राखायला मी पायरीवर बसले आहे. हे कोणाला वाचायला द्यायचं नाही. तुलाच.

तू कधी गेलीस, कशानं गेलीस, सातपाटीतली किती माणसं तुझ्यामागून चालत आली, हे सगळं भावकीत सांगून झालं. प्रत्येक जण म्हणाला, काय आवाज होता बाईचा. खरं आहे. पण कोणी असं म्हणालं नाही, की तो आवाज दुपारी बसायचा. एसटीत तू माझ्याशी खुणेनं बोलायचीस आणि घरी येऊन कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायचीस, ते मीच पाहिलेलं. सगळा पालघर बाजार ऐकायचा तो आवाज, आणि आपल्या दारात यायची ती मुकी बाई. मी कधी विचारलं नाही की इतकं कशाला ओरडतेस. मला वाटायचं, तुझा स्वभावच तो.

बारा दिवस झाल्यावर कमळ आली होती. बाजाराच्या गेटापाशी बसणारी कमळ, तुझी रोजची भांडणाची जोडीदारीण. रडली खूप. मग डोळे पुसून म्हणाली, "हिरे, तू माझ्याकडं ये. माजी कापणारी सुनेच्या बाळंतपणाला गेली ती गेलीच. तू काप, मी बोलीन. तुला तोंड उघडायला लागणार नाय." नितीन तिथंच होता, कंपनीतून नुकताच आलेला. तो म्हणाला, "मावशी बरोबर बोलते, आई. मोठीआई होती तवर ठीक होतं. तू एकटी बसून काय करणार? मासे तुझ्याकडं बघतील, तू माशांकडं."

सगळे हसले. मीही हसले. तुझ्यामागे घरात पहिल्यांदा कोणी हसलं, आणि तेही तुझ्या लाडक्यानं हसवलं म्हणून मला बरं वाटलं. पण बाय, मनातून मला कमळचं बोलणं पटलं होतं. मला दुसरी बाय मिळत होती. मान खाली घालून कापायचं, वर बघायचं नाही, भाव सांगायचा नाही, गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही. मला जसं जमतं तसं. मी कमळला म्हटलं, मंगळवारी येते. पहिले आपल्या जागेवर भवानी करते, रीत असते ती, मग पाटी पालथी घालते आणि तुझ्याकडं येते.

पाटी पालथी घातली की जागा सोडली. मग ती कोणीही घ्यावी. एवढं मी ठरवून निघाले होते.

बाजार तुला सांगायला नको. पण लिहायला बरं वाटतं. तूच मला त्याच्या गोष्टी सांगितल्यास. लहानपणी तू बापाबरोबर ट्रकात बसून तिथं बर्फ आणायला यायचीस, तेव्हा तो खरा बर्फखाना होता. मिठाच्या पाण्याच्या हौदात लोखंडी डबे सोडलेले, वर साखळीला आकडा, आणि आकड्यानं उचललेल्या डब्यातून लादी सुटली की सगळ्या जमिनीला हादरा बसायचा. शेजारी भाताची गिरणी. गिरणीतलं तूस बर्फावर लोटायचं, म्हणजे सातपाटीच्या होड्यांपर्यंत तो टिकायचा. "एकाचा कचरा दुसऱ्याचं पांघरूण," असं तुझा बाप म्हणायचा. मग गिरणी बंद पडली, बर्फखाना बंद पडला, चिमणीवर पिंपळ उगवला. आपण बाहेर रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली बसायचो. नंतर तिथून सगळ्यांना उठवलं आणि या दोन इमारतींत आणून बसवलं. गिरणीत भाजी, कपडे, बांगड्या, चहा. बर्फखान्यात आपण. आकडा अजून छताला लोंबतो. लहान मुलं वर बघून विचारतात, हा केवढा मासा पकडायला?

जागा वाटायच्या दिवशीचं आठवतं? आपला नंबर पहिल्या चारांत होता. सगळ्या बायका गेटाकडं धावल्या, कारण आत शिरणारं गिऱ्हाईक पहिल्या दोन ओट्यांवरच अडकतं. कमळनं गेटाला लागून पाटी टेकवली. दुसरी चांगली जागा मोकळी होती. मी तुला पदराला धरून ओढत होते आणि तू वर छताकडं बघत सगळा बर्फखाना फिरत होतीस. त्या करवतीच्या दातांसारख्या छपराखालून, मान मोडेपर्यंत वर बघत. मथुरामावशी ओरडली, "चांगुणे, मासं इकायचंय का कबुतरं?" सगळ्या हसल्या. तू मात्र गेलीस ती थेट आत, मधल्या जाड खांबाशी, आणि खांबामागं पाट टाकून म्हणालीस, "ही आपली."

मी त्या दिवशी पालघरपासून सातपाटीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तसं मी एरवीही बोलत नसेच, पण हे न बोलणं वेगळं होतं आणि तुला ते लगेच कळलं. "भांडायचं तर तोंडानं भांड गो," तू म्हणालीस, "हे काय, भिंतीशी भांडल्यासारखं वाटतं." तेव्हा मी एकच विचारलं, ती जागा का घेतलीस. तू म्हणालीस, "तिथं वारा लागतो." वारा कसला, खांबाआड उभी काडी पेटती राहील असा वारा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालीस, "गेटावर धूळ येते." मग एकदा, "कमळच्या तोंडापासून लांब बरी." मग एकदा, "ज्योतिषानं सांगितलं." इतकी वर्षं मी विचारत राहिले आणि तू दर वेळी नवीन काहीतरी सांगत राहिलीस. पुढं पुढं तो आपला खेळच झाला. पण माझा राग सगळा गेला नव्हता, बाय. गेटावरच्या बायकांची पाटी बारा वाजता रिकामी व्हायची आणि आपली दोन वाजले तरी अर्धी. तू पाटावर उभी राहून खांबाच्या एका बाजूनं मान काढून ओरडायचीस, "या गो या, सातपाटीचं पापलेट आत हाय, बाहेर नुसतं पाणी हाय!" गेटावरून कमळ उलट ओरडायची, "खांबाला इचारा, खांब इकतो तिथं मासं!"

आणि मी तुझ्यापासून दोन हात पुढं, ओंडक्यावर मान घालून कापत असायची. माझी पाठ तुझ्याकडं.

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच राहिलं. मी बोलावं, असा तुझा हट्ट. भाजीच्या बाजूला ती डोंगराकडची वारलीण बसते ना, काकड्यांचे वाटे लावून, कोणाला हाक नाही, काही नाही. मी तुला म्हणायची, "ती कुठं ओरडते? तिचं सगळं संपतंच ना?" तू म्हणायचीस, "तिची काकडी संध्याकाळपर्यंत काकडीच राहते. आपला बोंबील दुपारी पाणी होतो."  पण मनात मी अजूनही म्हणते, प्रत्येकानं ओरडलंच पाहिजे असं काही नाही. गेल्या पावसाळ्याआधी तू तीन दिवस कोयता घेऊन माझ्या ओंडक्यापाशी बसलीस आणि मला म्हणालीस, आज तू इकायला बस. मी बसले नाही. उभी राहिले. तूही उठली नाहीस. कापतही तूच आणि मागं वळून ओरडतही तूच. चौथ्या दिवशी तू मुकाट्यानं आपल्या पाटावर गेलीस. तेवढं एक भांडण मी जिंकले, आणि जिंकून काय मिळालं ते आता कळतंय.

दवाखान्यात तुला बरं वाटत होतं त्या दुपारी मी तुला पुन्हा विचारलं. खरं तर खेळ म्हणूनच. "बाय, आता तरी सांग, ती जागा का घेतलीस?" तू डोळे मिटून हसलीस. म्हणालीस, "सांगून नाय कळणार तुला. बाजारात गेल्यावर दाखवते."

मंगळवारी मी गेले तेव्हा बाजार तसाच भरलेला होता. मला उगाच वाटत होतं, काहीतरी कमी असेल. गिरणीतून मिरच्यांचा खाट येत होता, बांगडीवाला कोणा पोरीचा हात दाबून धरत होता, बोईसरकडच्या कंपन्यांतली माणसं पाळी सुटून आलेली, हिंदीत भाव करत होती. उमरोळीची ती जाडी बाई, शटल गाडीनं येणारी, पिशवी घेऊन फिरत होती. मी खांबाशी गेले. तुझा पाट खांबाला उभा लावलेला होता, कोणी हलवला नव्हता. मी तो आडवा केला, पुसला, पण त्यावर बसले नाही. पाटी त्याच्यापुढं ठेवली, मासे लावले, आणि मी नेहमीसारखी पुढं जाऊन माझ्या ओंडक्यापाशी बसले. कोयता मांडीशी.

आणि मग मला रीत आठवली. म्हणजे रीतीची दुसरी बाजू. मथुरामावशीचा नवरा वारला आणि ती परत आली, त्या दिवशी उमरोळीच्याच बाईनं तुझ्यापुढं नोट धरली होती आणि तू हात मागं घेऊन म्हणालीस, "पयली मथुरेची. मग आमची." ज्या घरात दुःख झालं त्या घरची भवानी होईपर्यंत रांगेत कोणी विकत नाही. मला वाटलं होतं भवानी म्हणजे माझं माझं काम. मी वर पाहिलं तर सगळी रांग माझ्याकडं बघत होती. पाट्या भरलेल्या, बर्फ वितळून ओट्यावरून वाहतोय, गिऱ्हाइकं उभी, आणि एकही बाई विकत नाही. गेटावर कमळ गिऱ्हाइकांना हातानं आत दाखवत होती. "आत जा, खांबापाशी. आज पयलं तिकडं." तीच कमळ, जी खांबाला हसायची.

गिऱ्हाइकं आत आली. खांबामागं वाकून बघत, पाटावर कोणी नाही, म्हणून परत फिरत. मी दोन हात पुढं बसलेली, त्यांना वाटायचं ही कापणारी. एक जण म्हणालाही, "इकडं कोणी नाहीये." माझ्या घशात शब्द होता. "आहे" एवढाच. तो निघाला नाही. मला रांगेचे मासे दिसत होते. मथुरामावशीचे बोंबील. मला तुझं वाक्य ऐकू येत होतं, आपला बोंबील दुपारी पाणी होतो. माझ्यामुळं आज सगळ्यांचे बोंबील पाणी होणार होते आणि कोणी मला घाई कर म्हणत नव्हतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एक पोरगेला कामगार आला, निळ्या शर्टाचा. त्यानं पाटीतलं पापलेट उचललं आणि सरळ मला विचारलं, "मौसी, ये कैसे दिया?"

आणि बाय, मी मागं न बघता, कोयता पुसत, जशी रोज विचारायची तशी, मोठ्यानं विचारलं, "बाय गो! कितीला देऊ?"

केवढा आवाज निघाला. मला ठाऊकच नव्हतं की मी दर वेळी एवढ्या मोठ्यानं विचारत होते. बाजाराच्या गोंगाटात ते कधी ऐकू गेलं नसेल. पण रांग गप्प होती आणि वर ते उंच छप्पर. माझा आवाज पत्र्याला लागून परत आला. मला वळून बघायचं धाडस झालं नाही. मागं काय आहे ते मला माहीत होतं.

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. कमळनं पदर तोंडाला लावला. तो पोरगा घाबरून म्हणाला, "क्या हुआ, मौसी?" मग समोरून मथुरामावशी बोलली, अगदी तुझ्या ठसक्यात, "तुला किती वेळा सांगितलं गो? मासा तुज्या हातात हाय ना? मग भाव तुज्या तोंडात नको?"

तू हेच म्हणायचीस. शब्दाला शब्द. रांगेला पाठ होतं.

मी भाव सांगितला. कमीच सांगितला असेल. त्यानं घासाघीस केली नाही. मी कापून दिलं, नोट कपाळाला लावली, आणि एका झटक्यात सगळी रांग ओरडायला लागली. बांध फुटल्यासारखी. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं ओरडणं. त्या आवाजात मी थोडी रडून घेतली. कोणाला ऐकू गेलं नाही.

उमरोळीची बाई तुझ्या पाटीपाशी उभी होती. तिला मांदेली हवी होती. ओंडक्यापासून पाटीला हात पुरेना, म्हणून मी उठून मागं गेले आणि तुझ्या पाटावर बसले. पहिल्यांदाच. तिला मांदेली दिली, ती गेली, आणि मी मान वर केली.

तिथं अंधार आहे, बाय. भर सकाळी. खांबाची सावली पडते आणि वर छपराच्या काचा फुटल्यावर जागोजागी पत्रे ठोकलेत. मी इतकी वर्षं तुझ्या दोन हात पुढं बसले आणि मला हे ठाऊक नव्हतं. कारण माझ्या जागेवर उजेड असतो. त्या सगळ्या दातेरी छपरात एकच काच धड राहिली आहे आणि तिच्यातून ऊन तिरकं येऊन बरोबर माझ्या ओंडक्यावर पडतं. फक्त तिथं. मला वाटायचं, सगळा बर्फखाना असाच उजळ आहे. मी मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. तुझ्या पाटावरून पाहिलं तर रांगेतल्या कापणाऱ्या बायका दिव्याखाली, कोणी मोबाइलची बॅटरी दातांत धरून कापत होत्या. आणि मध्ये माझा ओंडका उन्हात. कोयत्याची धार इथून चमकताना दिसते.

माझ्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. रस्त्यावर बसायचो तेव्हाचा. त्या निळ्या कागदाखाली भरल्या आभाळात दिसत नव्हतं आणि कोयता अंगठ्यात गेला होता. तू नव्या लुगड्याचा काठ फाडून बांधलास. मी घाबरून गप्प, आणि तू सगळ्या रस्त्याला शिव्या देत होतीस, आभाळाला सुद्धा. त्यानंतर थोड्याच दिवसांत जागा वाटल्या. आणि तू छताकडं बघत फिरलीस.

कबुतरं नाही. तू काच शोधत होतीस.

मग गेट लांब पडलं. मग तुला ओरडायला लागलं. मग घसा बसला. मग कोमट पाणी आणि मीठ. हे सगळं एका ओळीत माझ्यापुढं आलं आणि मी तुझ्या पाटावर नुसती बसून राहिले. एक गिऱ्हाईक येऊन गेलंही. मला तुझा खूप राग आला, खरं सांगते. वारा लागतो म्हणे. ज्योतिषानं सांगितलं म्हणे. एकदा खरं सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, नको, गेटावर बसू, एक दिवा लावून घेऊ. भांडले असते. तोंडानं भांडले असते. तुला ते माहीत होतं म्हणूनच तू सांगितलं नाहीस. आणि शेवटी "दाखवते" म्हणालीस आणि दाखवायला मला एकटीला पाठवलंस.

कमळ दुपारी आली. पाटी अजून अर्धी भरलेली. "चल," ती म्हणाली, "घाल पालथी."

मी म्हटलं, "नाय."

"काय नाय?"

"इथंच बसते."

 "येडी हायेस? इथं कोण येतं? आवाज कोण करील?"

 मी बोंबील सारखे केले. कमळ म्हणाली, "चांगुणीची जाऊ खरी," आणि गेली. थोड्या वेळानं गेटावरून तिचा आवाज आला, "पापलेट संपलं इथं, आत खांबाला इचारा!" तिच्या पाटीत पापलेट होतं. खांबाआडून मान काढली तर मला दिसत होतं.

आज आठवडा होत आला. मी रोज जाते. हाक मारणं काही जमत नाही. त्या दिवशी एकदाच निघाला तो आवाज, तुझ्यासाठी, पुन्हा निघाला नाही. कोणी पाटीशी येऊन उभं राहिलं की मी भाव सांगते, हळू. काही परत जातात. उरलेले बोंबील घरी आणून मीठ लावते. हे समोर टांगलेत ते तेच.  काल नितीननं विचारलं, तिकडं एक दिवा लावून देऊ का, मोठीआईच्या पाटावर. मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही. सांगून नाही कळणार.

विकायला मी तुझ्या पाटावर बसते. कोणाला कापून हवं असेल तर उठून माझ्या ओंडक्यापाशी जाते, कापते, परत येते. दिवसभर तेवढं दोन हात अंतर मी येत जात असते. आणि गिऱ्हाईक नसतं तेव्हा, बाय, मी खांबामागं सावलीत बसून समोर बघते, जसं तू बघत असशील. उजेड बरोबर वेळेवर येतो. ओंडक्यावर पडतो. तिथं कोणी नसतं.